कॉटच्या उजव्या बाजूला

"बघा, इतक्या स्वच्छ बरगड्या तुम्हाला पुस्तकातसुद्धा दिसणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हिच्या घरी खायला मिळत नाही, म्हणून आपल्याला शिकायला मिळतं."

वर्ग हसला. मी कॉटवर उताणी पडले होते. युनिफॉर्मचा वरचा अंगरखा बरगड्यांपर्यंत वर केलेला. गळ्याजवळची बटणं सोडलेली. मी छताकडं बघत होते. मॅडमच्या हातात टोपण लावलेलं पेन होतं. त्यांनी ते माझ्या गळ्याखालच्या हाडाला लावलं. "क्लॅव्हिकल." मग छातीच्या मधोमध. "स्टर्नम." मग एकेका बरगडीच्या फटीत दाबत खाली. "इंटरकॉस्टल स्पेस. मोजा." कॉटभोवती कोंडाळं करून उभ्या असलेल्या मुली मोजायला लागल्या. एका सुरात, पाढे म्हणावेत तशा. मी पण मनात मोजत होते. आपल्याच बरगड्या आपणच मोजायच्या, आणि त्याही दुसऱ्याच्या पेनानं.

तास संपला तेव्हा मॅडमनी स्पिरिटचा बोळा घेऊन पेन पुसलं. नीट, टोकापासून वरपर्यंत. "इन्फेक्शन कंट्रोल," त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. मग त्याच पेनानं हजेरी घेतली.

मी बटणं लावून खाली उतरले. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. जेवढं बघायचं तेवढं बघून झालं होतं.

मी वळसंगची. आम्ही मातंग. गावात आम्हाला मांग म्हणतात, आणि म्हणताना आवाज थोडा खाली जातो. आई केरसुण्या वळते, दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते. वडील मोडनिंबच्या बाजारात हमाली करतात, महिन्यातून एखाद्या वेळी घरी येतात. बारावीनंतर मी सोलापुरात नर्सिंगला आले. स्कॉलरशिपवर. कॉलेज खाजगी होतं, त्याचं नाव सांगत नाही. सांगून काय होणार? असली कॉलेजं एकटी नसतात.

नर्सिंगमध्ये एक पद्धत असते. पेशंटला हात लावण्याआधी मुलींनी एकमेकींना हात लावून शिकायचं. एकीनं कॉटवर पडायचं, दुसरीनं तपासायचं. नाडी बघायची, बीपीचा पट्टा बांधायचा, पोट चाचपायचं, छाती ऐकायची. मग अदलाबदल. जी पडते तिला आम्ही बॉडी म्हणायचो. आज तू बॉडी, उद्या मी. पद्धत चांगली आहे. आपल्याला पट्टा घट्ट बसला तर कसं दुखतं ते कळलं, की पेशंटला आपण जरा सैल बांधतो.

पण आमच्या वर्गात अदलाबदल झालीच नाही. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "कोण येतंय?" कुणी हललं नाही. मॅडमनी हजेरीच्या कागदावर बोट फिरवलं. ते माझ्या नावाजवळ थांबलं. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरं वाटलं होतं. एवढ्या मुलींतून आपल्याला निवडलं! आई म्हणते तसं, शहाण्या माणसाच्या नजरेत भरलं की काम होतं.

दुसऱ्या तासाला मॅडम म्हणाल्या, "कालचीच येऊ दे. सवय झालीय तिला." तिसऱ्या तासाला नावसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "बॉडी, वर ये."

मग वर्गातल्या मुली जिन्यात म्हणायला लागल्या. "ए बॉडी, सरक की." डबा खाताना, "बॉडीला विचार, तिच्याकडं झेरॉक्स हाय का." कुणाच्या मनात वाईट नसायचं म्हणे. माझं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं एवढंच.

जोड्या लावून सराव करायचा असला की सगळ्या पटापट जोड्या करून घ्यायच्या. मी उरायची. मी तिघींना विचारलं. एक म्हणाली, "मला लई गुदगुल्या होतात गं." दुसरी म्हणाली, "माझा हात कालपासनं दुखतोय." तिसरी नुसती हसली आणि तिनं बाही खाली ओढून घेतली. मी मॅडमकडं गेले. मॅडम म्हणाल्या, "तू बॉडीच हो की. तुला काय, नुसतं पडायचंय."

आणि गंमत बघा, कॉलेजात प्लास्टिकची एक डमी होती. अख्खी बाई. पोट उघडून आतलं लिव्हर, आतडी, मूत्रपिंडं बाहेर काढता येतील अशी. ती कपाटात कुलपात असायची. अजून तिच्यावरचं पॉलिथिनसुद्धा काढलेलं नव्हतं. इन्स्पेक्शन आलं की तिला बाहेर काढायचे, पुसायचे, कॉटवर निजवायचे. इन्स्पेक्शन गेलं की परत कुलपात. मी एकदा विचारलं, डमीवर का शिकवत नाही? मॅडम म्हणाल्या, "ती महाग आहे. मुली हाताळून खराब करतील."

तिची काळजी होती. मी खराब झाले तरी आपोआप भरून निघत होते.

आमच्या घरात शरीराला फार शब्द नव्हते. डोकं, छाती, पोट, कंबर. कंबरेच्या खाली सगळं 'खालचं'. आईला काहीही झालं की ती म्हणायची, "अंगात बरं न्हाय." कुठं बरं नाही, ते सांगता यायचं नाही तिला. विचारलं की चिडायची. म्हणून कॉलेजात पहिल्यांदा ते शब्द ऐकले तेव्हा मला एवढे आवडले. फीमर, टिबिया, स्कॅप्युला. स्प्लीन, पँक्रियाज, युटेरस. या शब्दांना लाज नव्हती. युटेरस म्हणताना कुणाचा आवाज खाली जात नव्हता. मी आंघोळ करताना एकेका जागेवर हात ठेवून नावं घ्यायची. अंग आपलं आहे आणि त्याला नावंगावं आहेत, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळत होतं. मी खूश व्हायची.

पण हे शब्द माझ्याकडं पेनाच्या टोकानं आले. हे मी विसरू शकत नाही. अजून कुणी स्कॅप्युला म्हटलं की माझ्या पाठीत टोचतं.

कॉलेजचं हॉस्टेल शुक्रवार पेठेत होतं. एका जुन्या इमारतीचा वरचा मजला, खाली भांड्यांचं दुकान. खोलीत आम्ही दोघी होतो. दुसरी शिवलीला, अक्कलकोटकडची, घरी किराणा मालाचं मोठं दुकान. ती माझ्याच वर्गातली. खोलीत ती माझ्याशी चांगली बोलायची. घरून आलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी मला द्यायची. देताना कागदावर वरून सोडायची. माझ्या हाताला हात लागणार नाही एवढ्या उंचीवरून. ती हे मुद्दाम करत होती असं मला वाटत नाही. तिच्या हातालाच ती सवय होती. मी पण कागद पुढं करायची. माझ्याही हाताला सवय होती.

वर्गात मात्र ती मला ओळखायची नाही. जिन्यातून उतरलो, की आम्ही वेगळ्या व्हायचो.

मला आता कुणी विचारलं, की त्या वर्षात सगळ्यात जास्त काय लागलं, तर मी हसणं सांगणार नाही. पेन पुसणंही नाही. एवढ्या मुलींच्या गराड्यात मी रोज पडून असायची, सगळ्या माझ्याकडं वाकून बघायच्या, आणि त्यांतल्या एकीशीही मला बोलता यायचं नाही. मी त्यांना आतून-बाहेरून पाठ होते. माझ्या पोटावर भाजल्याचा डाग कुठं आहे ते सगळ्यांना माहीत होतं. तो कशानं पडला, हे एकीनंही विचारलं नाही.

मग पोस्टिंग सुरू झालं. एका मोठ्या दवाखान्यात, मेडिकल वॉर्डात. तिथं खरे पेशंट. मी आदल्या दिवशी युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून ठेवला. वाटलं, आता इथं तरी मला कॉटवर कुणी पाडणार नाही. इथं पडायला माणसं आहेत.

एक म्हातारी होती. कर्नाटकाच्या सीमेकडची, कन्नड बोलणारी. पडलं की तिला दम लागायचा, म्हणून ती कॉटच्या कडेवर पाय सोडून बसलेली. मॅडम, वॉर्डच्या सिस्टर आणि आम्ही मुली तिच्यासमोर उभ्या होतो. मॅडमनी एकेकीला अपेक्स बीट ऐकायला लावला. हृदयाचं टोक जिथं छातीवर आपटतं ती जागा. डावीकडं, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये, क्लॅव्हिकलच्या मध्यापासून सरळ खाली. हे मला झोपेतसुद्धा येत होतं. तिथं तर रोज पेन टोचायचं.

माझी पाळी आली. मी म्हातारीसमोर उभी राहिले. स्टेथोस्कोप कानात घातला. दुसऱ्या माणसाच्या छातीवर मी पहिल्यांदा हात ठेवत होते. बरगड्या मोजल्या, बरोबर मोजल्या. स्टेथोस्कोप ठेवला आणि ऐकायला लागले.

काहीच नीट ऐकू येईना. लांबून, भिंतीपलीकडून कुणी ठोकावं तसं. मी जास्त दाबलं.

"अगं ए," सिस्टर म्हणाल्या, "म्हातारीचं हृदय उजवीकडं हाय व्हय?"

मी माझ्या डाव्या हाताकडची बाजू धरली होती. ती समोर बसलेल्या म्हातारीची उजवी होती. वर्षभर मी पडून शिकले होते. डावीकडं म्हणजे माझ्या डावीकडं. समोर उभं राहिलं की बाजू उलट्या होतात, हे बाकीच्या मुलींना हातानं कळलं होतं. मला कळायला कुणी समोर पडलंच नव्हतं.

मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या सिस्टरकडं वळून म्हणाल्या, "स्कॉलरशिपवर भरती केल्यावर असंच होणार. सीट यांना द्यायची, आणि पेशंट देवावर सोडायचा."

म्हातारीला मराठी किती कळत होतं देव जाणे. तिनं माझं मनगट धरलं. हात उचलून आपल्या छातीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला. "इल्ली ऐती नोडव्वा," ती म्हणाली. इथं आहे बघ, बाई. तिचा हात गरम आणि खरखरीत होता. खालून तिचं हृदय माझ्या बोटांवर आपटलं. सोलापुरात आल्यापासून मला आपणहून कुणी हात लावला तो त्या बाईनं.

"घ्या," मॅडम म्हणाल्या, "आता पेशंटनं शिकवायची वेळ आली."

मला लाज वाटली. आधी लाजच वाटली, राग नंतर आला. वॉर्डाच्या मागच्या बाजूला हात धुवायचं बेसिन होतं. तिथं जाऊन मी नळ सोडला आणि रडले. मॅडम म्हणाल्या ते खरं होतं की! मला हृदय सापडलं नव्हतं. पेशंट सिरीयस असता, खरी वेळ असती, तर? मी चांगली नर्स होणार नव्हते. त्यांनी मला होऊच दिलं नव्हतं, आणि आता त्याच मला बोट दाखवत होत्या. हे दोन्ही मला त्या बेसिनपाशी एकदम कळलं. त्याआधी मला वाटत होतं, आपला अपमान होतोय, सोसू. अपमान सोसता येतो. आमच्या घरात ते सगळ्यांना येतं. पण इथं माझं शिक्षणच वाया चाललं होतं. माझे हात रिकामे ठेवले जात होते.

रविवारी मी वळसंगला गेले. आई दारात केरसुण्या बांधत बसली होती.

"आई, आत चल. बाजेवर झोप."

"का गं? मला काय झालंय?"

"काय न्हाय झालं. मला शिकायचंय."

आई पडली. मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले. तपासणारीनं पेशंटच्या उजव्या बाजूला उभं राहायचं असतं. हे वाक्य मी वर्षभर कॉटवर पडून ऐकलं होतं. तिचं मनगट घेतलं, नाडी शोधली. कोपराच्या आतल्या बाजूची ब्रेकियल शोधली. पोटावर हात ठेवला तर आई हसायला लागली. "सोड गं, गुदगुल्या हुत्यात." एवढ्या मोठ्या बाईला गुदगुल्या! मी पण हसले. मग तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. आईनं मान उचलून बघितलं.

"काय वाजतंय?"

"तुझं काळीज."

तिनं स्वतःच ऐकायला मागितलं. कानात नळ्या घालून बराच वेळ पडून राहिली. मग म्हणाली, "डाक्टर लांबनंच इचारतो, काय हुतंय. सांगितलं की लांबनंच गोळ्या देतो. मला असं हात लावून कुणी बगितलंच न्हाय कदी."

माझी आजी, म्हणजे आईची सासू, सुईण होती. गावातल्या चांगल्या-चांगल्या घरांतली पोरं तिनं काढली. आईनं ते त्या दिवशी परत सांगितलं. नड असली की तिला मागच्या दारानं थेट आतल्या खोलीत न्यायचे. त्या वेळी तिचा हात चालायचा. बाळ रडलं, नाळ कापली, की तिला बाहेर बसवायचे आणि ती गेल्यावर खोली सारवून घ्यायचे. तिला त्या पोरांना परत कधी उचलून घेता आलं नाही.

मग मी आईला कॉलेजातलं सांगितलं. बॉडीचं, पेनाचं, म्हातारीचं, सगळं. मला वाटलं आई चिडेल. आईनं केरसुणीची दोरी ओढून गाठ मारली.

"झोप की गं गप," ती म्हणाली. "काय बिगडतंय? दोन-तीन वरसाचा तर परश्न हाय. आमी लई सोसलं, तू जरा सोस. नोकरी लागू दे, मग बोल काय बोलायचं ती."

"आई, मला हात लावायला शिकवत न्हाईत. नोकरी कशी करू?"

"मॅडमला उलटं बोलू नगंस. मार्क त्यांच्या हातात हायती." आणि थोड्या वेळानं, "माझ्यावर शीक की. दर रइवारी ये, मी पडते."

ती मनापासून म्हणाली होती. मी एसटीत बसले तेव्हा मला फार एकटं वाटलं. कॉलेजात माझं कुणी नव्हतं हे मला माहीत होतं. आता आई पण मला पडून राहा म्हणत होती. तिच्या मायेपोटीच म्हणत होती, म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात पोटाच्या तपासणीचा तास आला. मॅडम आल्या. पेन काढलं. "बॉडी."

मी उठले. कॉटपाशी गेले, आणि कॉटच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. गळ्यात स्टेथोस्कोप होता.

"वर," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आज मी तपासणार. पडायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. चिडल्या नाहीत. हसल्या. वर्गाकडं वळून म्हणाल्या, "बरं. कोण येतंय?"

कुणी आलं नाही. मी एकेकीकडं बघितलं. जिला गुदगुल्या होतात तिच्याकडं, जिचा हात दुखतो तिच्याकडं. शिवलीलाकडं बघितलं. ती बुटांच्या नाडीकडं बघत होती.

"बघितलंस?" मॅडम म्हणाल्या. अगदी समजावणीच्या सुरात. "कुणाला तुझा हात नकोय. त्यात मी काय करू?"

झालं. वर्षभर जे गुदगुल्यांच्या नावाखाली, इन्फेक्शनच्या नावाखाली चाललं होतं ते बोलून झालं. मला बरं वाटलं म्हटलं तर विचित्र वाटेल. पण बरं वाटलं. गळू फुटल्यावर वाटतं तसं.

"मग तुम्ही झोपा, मॅडम."

वर्गात कुणीतरी "अगं बाई" म्हटलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. "काय म्हणालीस?"

"वर्षभर मी पडले. आज तुम्ही पडा. मला शिकवायचं तुमचं काम हाय. तुमाला पण माझा हात नको असंल तर तसं सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. पर्स उचलली आणि वर्गातून गेल्या. मुली त्यांच्या मागोमाग बाहेर पडल्या, घाईघाईनं, वास आल्यासारख्या. मी तिथंच उभी राहिले. तास संपल्याची घंटा होईपर्यंत. समोर रिकामी कॉट, तिच्यावर पांढरी चादर. चादरीवर मी रोज पडायची तिथं खोलगट झालं होतं. मी बसले नाही.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम शेजारी बसलेल्या. मी सगळं सांगितलं. कोण काय बोललं ते जसंच्या तसं सांगितलं. मी म्हटलं, "मी मातंग हाय म्हणून कुणी मला हात लावू देत न्हाई." प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे बघ, आपल्या संस्थेत जातपात कुणी बघत नाही. तूच कशाला काढतेस?"

म्हणजे केलं त्यांनी आणि काढली मी.

"मॅडमची माफी माग," ते म्हणाले. "विषय इथंच संपवू. नाहीतर प्रॅक्टिकलचे इंटर्नल मार्क तुझे तूच बघ."

मी माफी मागितली नाही. त्यांनी परत विचारलं, मी परत नाही म्हटलं. आईचं बोलणं आठवत होतं. तरी नाही म्हटलं. केबिनबाहेर आले तर व्हरांड्यात एक माणूस नव्हतं. सगळ्यांना कळलेलं होतं, आणि सगळ्या कुठंतरी गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी खोलीत बसले होते. खालच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायचं मशीन कर्कर करत होतं. शिवलीला आली. चप्पल काढली. थोडा वेळ उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहिली. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"तू बरोबर बोललीस," ती म्हणाली. "मला लई वाईट वाटलं."

तिनं बाही वर केली. गोरापान, भरलेला हात माझ्यापुढं केला. "घे. माझ्यावर कर प्रॅक्टिस. नाडी, बीपी, काय पायजे ते. पोट बी बघ. रोज कर, परीक्षेपर्यंत." आणि मग दाराकडं बघून, हळू आवाजात, "फक्त दार लाव जरा."

मला हात हवा होता. त्या दिवशी मला दुसरं काहीच नको होतं. परीक्षा तोंडावर होती. आईवर शिकायचं तर वळसंगला जावं लागायचं, तेही रविवारी. इथं एक अंग समोर चालून आलं होतं. निळी शीर दिसत होती. त्या शिरेच्या आतल्या बाजूला कुठं दाबायचं ते मला ठाऊक होतं. मी उठले. दारापाशी गेले. कडी हातात धरली.

मग मी दार सताड उघडलं.

"असं देतीस का?" मी विचारलं. "जिन्यावरनं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असं? देत असशील तर आत्ता घेते. उद्या वर्गात पण घेते."

शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, मी तिला खोटी म्हणणार नाही. पण तिनं बाही खाली ओढली. बटण लावलं. "तुला समजत न्हाय," ती म्हणाली. "माझ्या घरी कळलं तर?"

"मग नको."

मागच्या दारानं आत नेलेला हात माझ्या आजीचा होता. तो तिथं संपला. मी लपून कुणाला हात लावणार नाही.

शिवलीला पुढच्या महिन्यात दुसऱ्या खोलीत राहायला गेली. मला प्रॅक्टिकलला नापास केलं. इंटर्नलमध्ये एवढे कमी मार्क दिले, की परीक्षेत काहीही केलं असतं तरी पास होणं शक्य नव्हतं. बाकीच्या पुढच्या वर्षाला गेल्या. मी राहिले. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी सांगितलं हुतं." मी म्हटलं, "व्हय."

मी कॉलेज सोडलं नाही. सोडलं असतं तर त्यांना बरं झालं असतं. मार्कांसाठी मी वरती तक्रार केली आहे. तिचं काय होईल मला माहीत नाही, बहुतेक काहीच होणार नाही. आता मी नव्या मुलींबरोबर त्याच वर्गात बसते. त्याच मॅडम आहेत. डेमोचा तास असला की त्या माझ्याकडं न बघता विचारतात, "कोण येतंय?" मी कॉटच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहते. नव्या मुली आधी माझ्याकडं बघतात, मग मॅडमकडं, मग आपापल्या वहीकडं. अजून कुणी आलेलं नाही. काही तासांना मी रिकाम्या कॉटसमोर उभी राहून घंटा होईपर्यंत थांबते. मॅडम फळ्यावर आकृती काढून शिकवतात. वर्गातून बाहेर जा असं त्यांनी मला अजून म्हटलेलं नाही. म्हटलं तरी मी जाणार नाही.

परीक्षा परत आहे. वॉर्डात, खऱ्या पेशंटवर. रविवारी आई पडते. आता तिला गुदगुल्या होत नाहीत. मी तिला दर वेळी आधी विचारते, हात लावू का. ती म्हणते, "इचारतीस काय, लाव की." मी तरी विचारते. पुढं ज्या बाईच्या अंगाला मी हात लावीन तिलाही विचारीन. तिचं नाव विचारीन, आणि तिच्या पोटावरचा डाग कशानं पडला ते पण विचारीन.

परत नापास केलं तर परत बसेन. पण शिकण्यासाठी कुणाला अंग लागत असेल, तर या वर्गात सगळ्यांचं लागेल, पाळीपाळीनं, मॅडमसकट. एकटीचं आता मिळणार नाही.